माइक टायसन नुसता मारायचा, की त्याला बचावही येत होता?

बचाव येत होता, आणि फार वरच्या दर्जाचा. कळव्यात सकाळी मुलांना बॉक्सिंग शिकवतो, तिथे हाच प्रश्न येतो, कारण मोबाईलवर सगळ्यांनी फक्त नॉकआऊट बघितलेले असतात.

आधी त्याची उंची बघा. साधारण 5 फूट 10 इंच, हातांचा पल्ला 71 इंच. हेवीवेटमध्ये, म्हणजे सगळ्यात जड वजनगटात, हा बुटकाच. त्याचा एक प्रतिस्पर्धी टोनी टकर 6 फूट 5 इंचांचा होता. अशा माणसाच्या जॅबमधून, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशांमधून, आत शिरल्याशिवाय टायसनचा ठोसा पोचणारच नाही. म्हणजे चुकवणं हीच त्याची आत जायची वाट होती.

ती त्याचे प्रशिक्षक कस डी'अमाटो यांनी घडवली. दोन्ही ग्लोव्ह्ज गालांना लागून, कोपरं बरगड्यांवर आणि डोकं एका जागी कधीच नाही. वाळू भरलेली छोटी पिशवी टांगून झुलवायची आणि ती डोक्याला लागू न देता दोन्ही बाजूंनी निसटायचं, हा सराव त्याने अक्षरशः घोटला.

खरी गंमत पुढे आहे. जॅब आला की टायसन डोकं उजवीकडे काढायचा. त्याने वजन उजव्या पायावर येतं, गुडघा दबतो, कंबर वळते, म्हणजे उजव्या हाताचा ठोसा तयारच झाला. आधी बरगड्यांत हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, लगेच त्याच हाताने हनुवटीखाली अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा. समोरच्याचा उजवा हात आला तर डोकं डावीकडे, आणि तिथून डावा हुक. ठाण्यात कबड्डी बघत वाढलेल्यांना हे पटकन कळेल. चांगला चढाईपटू अंग चोरतो ते गडी टिपण्यासाठी.

मी स्वतः 5 फूट 5 इंच. गच्चीवरच्या कपड्यांच्या दोरीखालून डोकं काढत पुढे जायचा सराव मी कित्येक महिने केला. मांड्या इतक्या भरून यायच्या की जिना उतरताना कठडा धरावा लागे. हा बचाव मानेने होत नाही, पायांनी होतो. म्हणूनच सराव कमी पडला की तो सगळ्यात आधी जातो.

टायसनचंही तेच झालं, असं माझं ठाम मत आहे. नोव्हेंबर 1986 मध्ये ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या राऊंडमध्ये हरवून तो 20व्या वर्षी विश्वविजेता झाला, तेव्हा रिंगच्या कोपऱ्यात त्याचा प्रशिक्षक म्हणून डी'अमाटोंच्याच तालमीतला केविन रूनी होता. 1988 मध्ये टायसनने रूनीला काढलं. फेब्रुवारी 1990 मध्ये टोकियोत बस्टर डग्लससमोर तो डोकं न हलवता सरळ आत येत होता आणि एकेक ठोसा फेकत होता. डग्लसचा पल्ला 83 इंच. त्याचा जॅब लागतच राहिला आणि दहाव्या राऊंडमध्ये टायसन आडवा झाला. ताकद गेली नव्हती, आठव्या राऊंडमध्ये त्याने डग्लसलाही पाडलं होतं.

या शैलीत मुळातला एक कच्चा दुवाही होता. जवळ गेल्यावर कुणी मिठीच मारली, तर पुढचं सगळं अडायचं. 1987 मध्ये बोनक्रशर स्मिथने तसं करून बारा राऊंड काढले.

बघायचंच असेल तर मे 1986 मधली जेम्स टिलिसबरोबरची लढत बघा. दहा राऊंड पूर्ण चालली. टायसनचे हात सोडा, फक्त डोकं आणि गुडघे बघा.