इंटरनेट बंद, तरी स्क्रिप्ट म्हणते ‘चालू’

प्रश्न : इंटरनेट चालू आहे का ते पाहायला लिनक्सवर मी एक छोटी शेल स्क्रिप्ट (कमांडची यादी असलेली फाइल) लिहिली आहे. ती गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्यावर तीन पिंग (उत्तर मागणारे छोटे संदेश) पाठवते आणि आलेल्या मजकुरात ग्रेप या शोधणाऱ्या कमांडने ‘०% पॅकेट लॉस’, म्हणजे एकही पॅकेट हरवलं नाही, हे शोधते. सापडलं तर ‘चालू’, नाही तर ‘बंद’. लॅपटॉपचं वायफाय बंद केलं की ती बरोबर ‘बंद’ सांगते. पण वायफाय तसंच ठेवून राउटरची बाहेरची लाईन काढली, तर ‘चालू’ दाखवते. असं का?

उत्तर : तिन्ही पिंग वाया गेले की पिंग ‘१००% पॅकेट लॉस’ असं छापतं. त्यातलं शेवटचं शून्य आणि पुढचा मजकूर वाचा, ‘०% पॅकेट लॉस’च होतो! ग्रेपला दिलेली अक्षरं ओळीत कुठेही सापडली की पुरतं. वायफाय बंद असताना मात्र पॅकेट पाठवायला रस्ताच नसतो. ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ एवढं सांगून पिंग थांबतं, टक्केवारीची ओळ येतच नाही. तेव्हाचं बरोबर उत्तर हा निव्वळ योगायोग. उलटही घडतं : तीनपैकी एक पॅकेट हरवलं तर तोटा ३३ टक्क्यांवर जातो आणि चांगलं चालू असलेलं नेट ‘बंद’ ठरतं.

शून्याच्या आधी एक स्पेस देऊन ही चूक झाकता येईल, पण आमचं ऐकाल तर मजकूर वाचूच नका. पिंगचा एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना मागे ठेवते तो आकडा, पाहा. लिनक्सवर किमान एक उत्तर आलं तर ०, एकही नाही आलं तर १, आणि नाव न सापडणं किंवा रस्ता नसणं अशी वेगळी अडचण असेल तर २. ‘इफ’च्या पुढे थेट पिंग लिहा : ‘-सी’ ३ (तीन पिंग), मोठा ‘-डब्ल्यू’ २, मग पत्ता. मधे पाइप (एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देणारी उभी रेघ) नको, कारण पाइप लावला की कोड शेवटच्या कमांडचा मिळतो, म्हणजे ग्रेपचा. पिंगनंतर एको ही मजकूर छापणारी कमांड टाकून मग डॉलर-प्रश्नचिन्ह (मागच्या कमांडचा कोड) तपासलं, तर तो कोड एकोचा असतो.

मोठा आणि छोटा ‘डब्ल्यू’ यांची गल्लत करू नका. मोठा म्हणजे उत्तराची वाट किती सेकंद पाहायची, छोटा म्हणजे सगळी कमांड किती सेकंदांत आटपायची. छोटा ‘-सी’बरोबर वापरला आणि तेवढ्या वेळात तिन्ही उत्तरं आली नाहीत, तर दोन येऊनही कोड १ मिळतो. मॅकवर मोठ्या ‘डब्ल्यू’चा आकडा मिलिसेकंदांत धरतात, तिथे २००० लिहा.

प्रश्न : माझी स्क्रिप्ट एक्झिट कोडच पाहते. टर्मिनलवर बॅश या शेलने चालवली की बरोबर चालते, क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) मात्र कायम ‘चालू’. शिवाय क्रॉनच्या मेलमध्ये पिंगचा सगळा मजकूर येतो.

उत्तर : तो मेल हाच पुरावा. आउटपुट फेकण्यासाठी तुम्ही अँपरसँड (&) आणि ‘पेक्षा मोठा’ (>) ही चिन्हं जोडून लिहिलेलं असणार. ती सोय बॅशची. क्रॉनमध्ये स्क्रिप्ट ‘एसएच’ने चालते, आणि डेबियन-उबंटूवर ‘एसएच’ म्हणजे डॅश हा वेगळा शेल. डॅश अँपरसँडपाशी कमांड संपली असं समजतं, पिंग बॅकग्राउंडला सोडून देतं आणि पुढच्या रिकाम्या रीडायरेक्शनचा (आउटपुट दुसरीकडे वळवण्याचा) कोड परत करतं. तो नेहमी ०. दोन उपाय आहेत : पहिल्या ओळीत बॅशचा पूर्ण पाथ देऊन क्रॉनमधून स्क्रिप्ट थेट चालवा, किंवा आउटपुट ‘/डेव्ह/नल’ या कचरापेटीकडे पाठवून त्यापुढे ‘२>&१’ लिहा. दुसरा उपाय दोन्ही शेलमध्ये चालतो, म्हणून तोच बरा.

प्रश्न : ८.८.८.८ ला पिंग लागतं, पण एकही साइट उघडत नाही. स्क्रिप्टला हे कसं कळावं?

उत्तर : बहुधा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी यंत्रणा) बिघडलं आहे. कर्ल या वेबपान आणणाऱ्या कमांडने एखादी साइट मागवा, ‘-एम’ ५ देऊन पाच सेकंदांची मर्यादा घाला आणि कोड पाहा : ६ म्हणजे नावाचा पत्ता सापडला नाही, ७ म्हणजे जोडणी झाली नाही, २८ म्हणजे वेळ संपली. ६ आला तर आधी ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ ही फाइल उघडून त्यात कोणता नेमसर्व्हर (नावाचा पत्ता सांगणारा सर्व्हर) आहे ते बघा.