पुस्तक उलटं धरणारी लेक

बार्शीहून एका आईचं पत्र आलंय. लेक अकरावी सायन्सला. दहावीच्या सुट्टीत मावसभावाकडून तिनं कॉमिक्स आणि जादूच्या राज्यांच्या कादंबऱ्या आणल्या, तेव्हापासून त्या हातातून सुटत नाहीत. पहिल्या चाचणीत रसायनशास्त्रात २५ पैकी ९. ‘पुस्तक मागच्या पानापासून वाचते, विचारलं तर हसते. हे म्हणतात, सगळी रद्दीत घाला. काय करावं हिचं?’ सोबत लेकीनं काढलेल्या दोन पानांचे फोटो आहेत.

ताई, नमस्कार.

आधी त्या उलट्या वाचनाचं. घाबरू नका, ती बहुतेक मांगा वाचतेय, म्हणजे जपानी कॉमिक्स. जपानी मजकूर उभ्या ओळींत उजवीकडून डावीकडे छापतात, त्यामुळे पुस्तक आपल्या हिशेबानं शेवटून सुरू होतं. इंग्रजी भाषांतरातही बहुधा तोच क्रम ठेवतात.

आता फोटो. खरं सांगू? पत्रापेक्षा त्यांच्याकडेच मी जास्त वेळ बघत बसले. आजी विहिरीत डोकावते, आतून कुणीतरी हाक मारतं. पाचव्या चौकटीत नुसता लोंबणारा दोर, एक शब्द नाही. तिथं मी थबकले. पण तेच पान वाचताना माझी दमछाकही झाली. चौकटी उजवीकडून डावीकडे आणि संवादाच्या फुग्यांतलं मराठी डावीकडून उजवीकडे! मी उत्तर आधी वाचलं, प्रश्न नंतर. शिवाय तिनं फुगा आधी काढून मजकूर मागून कोंबलाय, त्यामुळे ‘थांब’मधला ‘ब’ रेषेबाहेर गेलाय. आपल्या लिपीला वर वेलांटी-मात्रेला आणि खाली उकाराला जागा लागते. अक्षरं आधी, फुगा नंतर, एवढं तिला सांगा.

नुसतं वाचायला आवडतं म्हणून मी कुणाला करिअर सुचवत नाही. आंबा आवडतो म्हणून कुणी बागायतदार होत नाही. तुमची मुलगी मात्र पुस्तक मिटून कागद पुढ्यात ओढते. तेव्हा रद्दीचा विषय तूर्त बंद.

तिच्या बाबांची भीती मात्र खोटी नाही. आपल्याकडे निव्वळ कॉमिक्सवर घर चालवणारे थोडे. अनंत पैंनी १९६७ मध्ये ‘अमर चित्र कथा’ सुरू केली, पुढे राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या आपल्या चित्रकारांनी त्यात नाव कमावलं. पण तिथंही लिहिणारा वेगळा, काढणारा वेगळा, संपादन करणारा वेगळा. आज हेच कौशल्य जाहिरातींच्या आणि मालिकांच्या स्टोरीबोर्डला (चित्रीकरणाआधी काढलेल्या दृश्यांच्या चौकटींना), गेम्सना, अ‍ॅनिमेशनला, मुलांच्या पुस्तकांना लागतं. पोट बहुधा तिथं भरतं आणि कॉमिक रात्री जागून होतं.

सायन्स सोडायची घाई नको. आयआयटी मुंबई घेते ती डिझाइनची यूसीड परीक्षा बारावीच्या कुठल्याही शाखेतून देता येते. तीत चित्र काढून दाखवावं लागतं आणि तिथल्या आयडीसीत, म्हणजे डिझाइन विभागात, बी.डिझाइनला प्रवेश त्यातूनच होतो. अहमदाबादच्या एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, परीक्षा वेगळी. राज्यातल्या कला महाविद्यालयांत बीएफए, म्हणजे चित्रकलेची पदवी, करायची तर राज्याची कला सीईटी आहे: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली असेल तर हे शब्द तिच्या ओळखीचे असतील. आणि कृपा करून ‘१०० टक्के नोकरी’ असा फलक लावलेल्या क्लासची फी लगेच भरू नका. गेल्या वर्षीच्या मुलांचं काम दाखवा म्हणा. दाखवायला टाळाटाळ झाली तर चहा पिऊन परत या.

अजून एक वाट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. मांगाचं वेड वर्षभर टिकलं तर जपानी शिकू दे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ही भाषा शिकवतात. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन५ पासून एन१ पर्यंत पाच पायऱ्या असतात, एन५ सगळ्यात सोपी. चित्रकार नाही झाली तरी दुभाषी, भाषांतरकार म्हणून मागणी असते, तीही जास्त करून कंपन्यांत.

आता दोन शब्द थेट तिच्याशी. बाळ, विहिरीतल्या आवाजाचं पुढं काय झालं? दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती गोष्ट आठ पानांत संपव. तुझ्यासारख्या मुलांकडे अर्धवट गोष्टींचे गठ्ठे असतात, माझ्या कपाटातही आहेत. चौकटी डावीकडून मांड. मग मावसभावाला वाचायला दे आणि गप्प बसून त्याचं बोट कुठं अडतं ते बघ. अडलं ते पान पुन्हा काढ. समजावून सांगायचं नाही.

रसायनशास्त्राचं मात्र रोज पाऊण तास, चित्राच्या आधी. दुसऱ्या चाचणीचे गुण आणि ती आठ पानं, दोन्ही एकाच पाकिटात पाठव.