वाचकांचे प्रश्न : खाणीतले काम, प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रे

या वेळी कोळसा, लोखंड, मँगनीज आणि खडीच्या खाणींतल्या कामासंबंधी आलेली पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मुलाने आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक केले आहे. एक खासगी संस्था तीन महिन्यांचा 'हेवी मशीन ऑपरेटर' कोर्स करून देते. प्रमाणपत्र शासनमान्य आहे आणि खाणीत नोकरी पक्की आहे, असे ते सांगतात. फी भरावी का? (एक पालक, वणी)

फी भरण्याआधी एक घोळ निस्तरून घ्या. खाणीत तीन वेगवेगळे कागद चालतात आणि एकाचे काम दुसरा करत नाही. पहिला कौशल्य प्रमाणपत्राचा. खाण क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने ठरवलेल्या अभ्यासक्रमाची परीक्षा दिली की तो मिळतो. दुसरा सक्षमता प्रमाणपत्राचा. ते खाण सुरक्षा महासंचालनालय, म्हणजे धनबादचे डीजीएमएस देते, आणि ते सिरदार, ओव्हरमन, फोरमन (कामावर आणि सुरक्षेवर देखरेख करणारे), ब्लास्टर (सुरुंग उडवणारा) अशा पदांसाठी असते. तिसरा कागद खाणीचा व्यवस्थापक स्वतःच्या सहीने देतो : अमुक माणसाला या खाणीत अमुक मशीन चालवण्याचा अधिकार आहे. ऑपरेटरला खरी गरज या तिसऱ्याची असते आणि तो बाहेरची कोणतीही संस्था देऊ शकत नाही. शिवाय १९६६ च्या व्यावसायिक प्रशिक्षण नियमांप्रमाणे नव्या माणसाला कामावर घेतल्यावर खाणीच्या प्रशिक्षण केंद्रातून, म्हणजे व्हीटीसीतून, जावेच लागते. बाहेरचा कोर्स झाला म्हणून त्यातून सूट नाही.

तेव्हा 'नोकरी पक्की' हे विसरा आणि संस्थेला एवढेच विचारा, की प्रत्यक्ष सीटवर किती तास मिळणार. वीस मुले, एक एक्स्कॅव्हेटर आणि रोज पाच तास मशीन चालू, असे धरले तर प्रत्येकाला दिवसाला पंधरा मिनिटे मिळतात. साठ दिवसांत होतात पंधरा तास. तेही डिझेल वाचवायला मशीन बंद ठेवले नाही तर. परीक्षा कोण घेते आणि प्रमाणपत्रावर कोणत्या पात्रतेचा क्रमांक असतो, हे लेखी मागा. टाळाटाळ झाली तर उठून या.

डिझेल मेकॅनिकला आमचा सल्ला वेगळा आहे. आधी अवजड यंत्रांच्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ उमेदवारी करावी. हायड्रॉलिक, एअर ब्रेक आणि अंतिम ड्राइव्ह (चाकाजवळचा शेवटचा गिअरसंच) उघडून पाहिलेला मुलगा पुढे ऑपरेटर झाला तर मशीन मोडायच्या आधी त्याला आवाजावरून कळते. वर्कशॉपमध्ये पहिल्याच आठवड्यात त्याने एक गोष्ट पक्की करावी : टायर चढवलेल्या रिमला वेल्डिंग करायचे नाही. हवा सोडलेली असली तरी नाही. उष्णतेने आतले रबर वायू सोडते, तो वायू पेटतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. टायर उतरवा, मगच वेल्डिंग.

आणि सगळ्यांत आधी डोळे तपासून घ्या. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत रंगदृष्टी, ऐकू येणे आणि छातीचा एक्स-रे बघतात. फी भरून झाल्यावर रंगांधळेपणा कळणे महागात पडते.

प्रश्न : नागपूरला मायनिंगचा डिप्लोमा झाला. आता ओव्हरमनसाठी काय करावे? काही जण म्हणतात मँगनीजच्या खाणीत जा, काही म्हणतात कोळशात. (एक विद्यार्थी, सावनेर)

डिप्लोमानंतर एक वर्षाचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण असते, ज्याला सगळे पीडीपीटी म्हणतात. ते कुठे केले यावर पुढचे प्रमाणपत्र ठरते, म्हणून हा निर्णय 'जागा कुठे मिळाली' एवढ्यावर सोडू नका. कोळशाच्या खाणी एका नियमावलीखाली येतात (सध्याची २०१७ ची), धातूच्या दुसऱ्या (१९६१ ची). पदेही त्याप्रमाणे वेगळी. कोळशात ओव्हरमन, तर धातूच्या खाणीत फोरमन. कोळशात सिरदार, तिकडे मेट. शॉटफायररच्या जागी ब्लास्टर. कोळशाचे सिरदार प्रमाणपत्र घेऊन चिकल्याच्या भूमिगत मँगनीज खाणीत मेटचे काम करता येत नाही. आणखी एक मेख : अनुभव फक्त ओपनकास्टचा, म्हणजे वरून उघड्या खाणीचा, असेल तर प्रमाणपत्रही ओपनकास्टपुरते मर्यादित मिळते. भूमिगत खाणीत वर्ष काढायची संधी असेल तर ती सोडू नका.

अर्ज परत येतात ते बहुधा कागदांमुळे. अनुभव दाखल्यात खाणीचे नाव गावातल्या बोलीतले असते, नोंदणीतले नसते. दोन ठिकाणच्या तारखा एकमेकांवर चढलेल्या असतात. रजेचे दिवस वजा केले की वर्ष भरत नाही. दर महिन्याला आपली वही व्यवस्थापकाकडून तारखेसह सही करून घ्या, वर्षाअखेरीला नव्हे. प्रथमोपचार आणि वायू तपासणी ही दोन प्रमाणपत्रे वेगळी लागतात, त्यांची तयारी प्रशिक्षणाच्या काळातच करा.

वायू तपासणीत मुले गडबडतात ती हाताच्या घाईने. मिथेन हवेपेक्षा हलका, म्हणून तो छताजवळ साचतो. सेफ्टी लॅम्पची (वायू ओळखायच्या दिव्याची) ज्योत बारीक करून दिवा सरळ धरून, सावकाश वर न्यायचा आणि ज्योतीवर उमटणारी फिकट निळी टोपी बघायची. झटक्याने वर नेला तर ज्योत विझते किंवा टोपी दिसायच्या आत निसटते. तिरपा धरला तर काच तापून तडकते. ज्योत आपोआप मंदावत विझली तर तिथे मिथेनपेक्षा प्राणवायूच्या कमतरतेचा संशय घ्या, साधारण १६ टक्क्यांच्या आसपास ज्योत टिकत नाही. आकडे तोंडपाठ हवेत : परतीच्या (कामाच्या जागेतून बाहेर जाणाऱ्या) हवेत मिथेन ०.७५ टक्क्यांवर जाऊ नये, कुठल्याही जागी १.२५ च्या वर नको. परीक्षक आकडा विचारून थांबत नाही. १.२५ ओलांडल्यावर तुम्ही काय कराल, असा पुढचा प्रश्न येतो. वीज तोडायची, माणसे बाहेर काढायची, सुरुंग उडवायचा नाही, वायुवीजन सुधारायचे, वरिष्ठांना कळवायचे, या क्रमाने सांगा.

प्रश्न : आमच्याकडे ओव्हरबर्डन (कोळशावरची माती-दगड) काढण्याचा ठेका आहे. डंपरवर हायवेचे दहा-पंधरा वर्षे अनुभवी ट्रकचालक घेतले, तरी उतारावर आणि डम्पवर (माती ओतायच्या ढिगावर) मागे घेताना अपघात होतात. त्यांना काय शिकवावे? (एक पर्यवेक्षक, घुग्घुस)

हायवेचा अनुभव इथे अर्धा उपयोगी आणि अर्धा घातक. घातक भाग आधी काढावा लागतो.

ट्रकचालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. साठ टनी डंपर भरला की एकूण वजन शंभर टनांच्या घरात जाते. लांब उतारावर पायाचा ब्रेक दाबत राहिले तर तो तापून हात टेकतो. उतारावर वेग धरायचा तो रिटार्डरने, म्हणजे उतारावर सतत वेग रोखून धरणाऱ्या वेगळ्या ब्रेकने. गिअर उताराच्या माथ्यावर निवडायचा, मध्ये बदलायचा नाही, न्यूट्रल तर कधीच नाही. साधा नियम म्हणजे भरलेला डंपर ज्या गिअरमध्ये तो चढ चढेल, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. रिटार्डरच्या तेलाच्या तापमानाचा काटा बघायची सवय लावा. तो लाल पट्ट्यात गेला तर वेग कमी करून सुरक्षित सपाट जागी थांबायचे.

इथे एक फरक बहुतेक प्रशिक्षणांतून निसटतो. वणी-घुग्घुस भागातल्या खड्ड्याच्या खाणीत डंपर भरून चढतो आणि रिकामा उतरतो. सुरजागडसारख्या डोंगरावरच्या लोखंडाच्या खाणीत उलटे, भरून उतरतो. म्हणजे कोळशातला दहा वर्षांचा चालक डोंगरावर गेला तर त्याने भरलेला उतार कधी हाताळलेलाच नसतो. त्याला नव्याने शिकवल्याशिवाय सीटवर बसवू नये. आणि रिकाम्या उताराचा धोका कमी समजू नका : मागच्या चाकांवर भार नसतो, रिटार्डर मागच्याच चाकांना पकडतो, खाली पावसाने भिजलेली काळी माती. पूर्ण रिटार्डर लावला की मागचा भाग घसरून आडवा येतो. पावसात वेगच कमी, रिटार्डर थोडा-थोडा.

डम्पवर मागे घेताना काठाच्या मातीच्या बांधाला चाक टेकेपर्यंत जायचे, ही ट्रकची सवय. तो बांध अंदाजासाठी आहे, डंपर अडवायला नाही. काठाशी काटकोनात या, सिग्नलमन चालकाच्या बाजूच्या आरशात दिसला पाहिजे, दिसेनासा झाला त्या क्षणी थांबा. काठाला भेग दिसली तर माती अलीकडेच ओता, डोझर पुढे ढकलेल. बॉडी उचलताना दोन्ही मागची चाके एका पातळीत हवीत. पावसाळ्यात चिकट माती बॉडीत वरच्या टोकाला अडकून राहते, भार वर जातो आणि एक चाक मऊ जमिनीत रुतले की डंपर कलंडतो. अडकलेली माती सोडवायला पुढे-मागे झटके देणे ताबडतोब बंद करा. केबिन डावीकडे असलेल्या डंपरला उजवीकडे जीपसुद्धा दिसत नाही. हे शिकवायला शिकाऊ चालकाला सीटवर बसवा आणि उजव्या बाजूला माणूस चालवत न्या. तो कुठे नाहीसा होतो आणि कुठे पुन्हा दिसतो, तिथे चुन्याने खुणा करा. भाषणाने जे होत नाही ते या खुणांनी होते.

क्रम असा ठेवा : सुरुवातीला फक्त मशीनभोवती फिरून तपासणी, मग सपाटीवर रिकामा, उतारावर रिकामा, भरलेला, डम्पवर, शेवटी रात्रपाळी. प्रत्येक टप्प्याला वेगळी सही. दिवसा तयार झालेला चालक रात्रीही तयार असे धरू नका. तपासणीची परीक्षा घ्यायची तर मुद्दाम एखादा दोष ठेवा, रिव्हर्स हॉर्नची वायर काढा किंवा एक अग्निशामक खाली उतरवून ठेवा. यादीवर सगळीकडे बरोबरच्या खुणा करून आलेला चालक तिथेच सापडतो.

एवढे करून फेऱ्यांवर बक्षीस देत असाल तर शिकवलेले सगळे आठवड्यात पुसले जाईल. ते आधी थांबवा.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातली आहे. बारावी झाले. डंपर चालवायला स्त्रियांना घेतात का, आणि रात्रपाळीचे काय? (एटापल्ली)

घेतात, आणि तुमच्याच जिल्ह्यात. ओपनकास्ट खाणीत स्त्रियांना रात्रपाळी २०१९ च्या केंद्रीय अधिसूचनेने खुली झाली. तुमची लेखी संमती हवी आणि पाळीत किमान तीन स्त्रियांचा गट हवा. मुलाखतीला गेलात तर विश्रांतीची खोली, स्वच्छतागृह आणि घरापर्यंतची गाडी यांबद्दल आधीच विचारा. वयाची अठरा वर्षे पूर्ण असणे आणि वाहन परवान्याची सुरुवात ही तुमच्या हातातली कामे आजच करा.

प्रश्न : आमची खडीची खाण आठ मीटर खोल आहे, चौदा माणसे आहेत. सुरुंगाचे काम बाहेरचा कंप्रेसरवाला करतो. लहान खाणींना सूट असते ना? (सातारा जिल्हा)

१९५२ च्या खाण कायद्यातली सूट तीन अटी एकत्र पाळल्या तरच होती : खोली सहा मीटरपेक्षा जास्त नाही, माणसे पन्नासपेक्षा जास्त नाहीत आणि स्फोटके वापरलेली नाहीत. तुम्ही दोन अटींत बसत नाही. स्फोटके बाहेरच्या माणसाने वापरली म्हणून ती तुमच्या खाणीत वापरली नाहीत, असे होत नाही.

त्या कंप्रेसरवाल्याकडे ब्लास्टरचे प्रमाणपत्र आहे का ते बघा, मूळ प्रत मागा. तुमच्या ड्रिलवाल्यांना दोन गोष्टी रोज सांगा. आधीच्या स्फोटानंतर उरलेल्या होलच्या तळात, ज्याला सॉकेट म्हणतात, पुन्हा ड्रिल घालायचे नाही, कारण तळाशी दारू राहिलेली असू शकते. आणि न उडालेला सुरुंग उकरायचा नाही : प्रमाणपत्रधारक ब्लास्टरच्या देखरेखीखाली, त्यापासून किमान ३० सेंटिमीटर सोडून समांतर होल मारून तो उडवावा लागतो.

प्रश्न : गोव्यात खाणी २०१८ मध्ये बंद झाल्या तेव्हा मी शॉव्हेल (खोदून डंपर भरणारे मोठे यंत्र) ऑपरेटर होतो. जुने अधिकारपत्र दाखवून दुसरीकडे काम मिळेल का? (डिचोली)

ते अधिकारपत्र त्या खाणीपुरते आणि त्या मशीनपुरते होते, दुसऱ्या खाणीत ते चालत नाही. पण फेकू नका. प्रशिक्षणाचा दाखला, नोंदवहीचा उतारा आणि अनुभवपत्र जोडून पूर्वानुभवाच्या आधारे कौशल्य प्रमाणपत्र काढून घ्या. नवीन खाणीत वैद्यकीय तपासणी आणि प्रशिक्षण पुन्हा होईलच. शॉव्हेलचे मॉडेल बदलले असेल तर जॉयस्टिकची मांडणी वेगळी असू शकते, म्हणून पहिले काही दिवस मोकळ्या जागेत हात बसवून द्यायला सांगा.