द्राक्षाच्या पानाची पेपर क्रोमॅटोग्राफी (पानातले रंग कागदावर वेगळे करायचा प्रयोग) केली तर पट्टे मळकट येतात. काय चुकतंय? कागदाऐवजी टीएलसी प्लेट (सिलिकाचा पातळ थर दिलेली पट्टी) घेतली तर फरक पडेल का?

पान चुकतंय. नाशिकच्या एका ज्युनियर कॉलेजात बायोलॉजीच्या लॅबमध्ये सहाय्यक म्हणून माझी सगळी नोकरी झाली. नाशिक म्हटल्यावर नेहमीचं पालकाचं पान कशाला, द्राक्षाचंच पान घेऊ, हा हट्ट दर वर्षी कोणीतरी धरायचंच.

एकदा तपासणीला पाहुणे यायचे होते आणि सरांना हाच प्रयोग दाखवायचा होता. मी निफाड तालुक्यातला, घरची बाग. छाटणीनंतरची कोवळी फूट लहानपणी चघळलेली, आंबट लागते. म्हणून म्हटलं, सर, पान आंबट आहे, हिरवा रंग टिकायचा नाही. "चव घेऊन केमिस्ट्री करतोस का रे?" असं पोरांसमोर ऐकवलं.

खलात पानं, थोडी वाळू, अ‍ॅसिटोन. वाटताना रस हिरवागार होता. गाळून परीक्षानळीत ठेवला, तर बघता बघता शेवाळी झाला, मग खाकी. कागदावर कॅरोटीन नीट वर गेलं, त्याच्याखाली राखाडी पट्टा आणि हिरव्याच्या नावानं नुसता फराटा. सरांचं निदान काय, तर अ‍ॅसिटोन खराब आहे, लॅबवाल्यानं बाटली उघडी ठेवली असणार.

तो राखाडी पट्टा फिओफायटिनचा. क्लोरोफिलच्या रेणूत मधोमध मॅग्नेशियम असतं. पेशीतली आम्लं एरवी रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पिशवीत, कोंडलेली असतात आणि द्राक्षाच्या पानात टार्टारिक, मॅलिक दोन्ही असतात. पान वाटलं की ती मोकळी सुटतात, मॅग्नेशियम निघून जातं, त्या जागी हायड्रोजन बसतो. अळूच्या भाजीत चिंच पडली की हिरवा रंग उतरतो, तेच हे.

दुसऱ्या दिवशी सर यायच्या आत मी नवी पानं घेतली आणि वाटतानाच कॅल्शियम कार्बोनेटची चिमूट टाकली, म्हणजे आम्ल तिथेच मरतं. अ‍ॅसिटोन त्याच बाटलीतलं! वर नारिंगी-पिवळं कॅरोटीन, मग पिवळं झँथोफिल, त्याखाली निळसर हिरवं क्लोरोफिल ए आणि तळाशी पोपटी बी. स्वच्छ चार पट्टे. पाहुण्यांना सर म्हणाले, "द्राक्षासाठी ही पद्धत आम्ही बसवली." मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभा होतो.

आता त्यात बसवण्यासारखं काय होतं? १९०६ मध्ये मिखाईल त्स्वेटनं या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं, तेव्हा त्याच्या काचेच्या नळीतसुद्धा कॅल्शियम कार्बोनेटच होतं. तिथे त्याचं काम वेगळं, रंग धरून ठेवायचं. पण बरणी प्रत्येक लॅबच्या कपाटात असते. हात घालायचा तेवढा बाकी असतो.

तर तुम्हीही चिमूट टाका. रस उन्हात ठेवू नका, लगेच वापरा. पानं धुऊन, पुसून कोरडी करा. पाणी राहिलं तर पट्टे पसरतात. बागेतलं पान असेल तर बोर्डोचे (मोरचूद-चुन्याच्या फवारणीचे) निळसर डाग बघून घ्या, फवारलेलं नकोच. कागदावर रसाचा ठिपका बारीक द्या, सुकू द्या, त्याच जागी पुन्हा द्या. कागद ज्यात उभा करायचा ते द्रावण पेट्रोलियम ईथर नऊ भाग, अ‍ॅसिटोन एक भाग. अ‍ॅसिटोन जास्त झालं की सगळे रंग एकत्रच वर पळतात.

टीएलसीचा खर्च कशाला? पट्टे जास्त रेखीव येतील हे खरं, पण आंबट रस तिथेही राखाडीच दिसणार. शिवाय सिलिकावर क्रम बदलतो, झँथोफिल क्लोरोफिलच्या खाली राहतं, म्हणजे तुमचा गोंधळ आणखी वाढणार. आरएफ (रंग किती वर गेला भागिले द्रावण किती वर गेलं) स्वतः मोजा, पुस्तकातले आकडे उतरवू नका. ते कागदावर, द्रावणावर, हवेवर बदलतात.

राखाडी पट्टा आलाच तर जर्नलमध्ये तो काढा आणि बाजूला फिओफायटिन लिहा. परीक्षक घाण म्हणाले तर त्यांना आम्लाचं कारण सांगा. मार्क कापले जातील, कदाचित. पण 'चारच पट्टे असतात' म्हणणाऱ्यांचं फार ऐकून घेतलंय मी.

हो, एक राहिलं. घरी करणार असाल तर गॅसजवळ अजिबात नको, पेट्रोलियम ईथरची वाफ क्षणात पेट घेते. खिडकी उघडी आणि बाटलीचं झाकण घट्ट. माझ्या लॅबमधल्या बाटल्यांची झाकणं कायम घट्टच असायची.