'निवांत' हा शब्द आला कुठून, आणि तो 'शांत'पेक्षा वेगळा कसा?

निवांत म्हणजे मुळात 'जिथे वारा लागत नाही असं'. संस्कृतातल्या 'निवात' (नि + वात) या शब्दावरून तो आला. मधला अनुस्वार आपण नंतर घातलेला. एकांत, शांत, विश्रांत यांच्या पंगतीत बसून तो चिकटला असावा, हा माझा आपला अंदाज.

गीतेच्या सहाव्या अध्यायात, 19व्या श्लोकात, योग्याच्या चित्ताला उपमा दिली आहे ती याच शब्दाने: 'यथा दीपो निवातस्थो नेङ्गते'. वारा नसलेल्या जागी ठेवलेला दिवा जसा हलत नाही, तसं. शाळेत पाठांतरासाठी श्लोक घोकला तेव्हा डोक्यात काही शिरलं नव्हतं. तो कळला आजीमुळे. तिन्हीसांजेला ती तुळशीपुढे दिवा न्यायची तो पदराआड धरून, आणि वृंदावनाच्या कोनाड्यात नीट सरकवला की मगच हात काढायची. तो कोनाडा म्हणजे निवात.

अमरकोशात निवातचे आणखी दोन अर्थ दिलेत: आसरा, आणि शस्त्राने न भेदणारं चिलखत. महाभारतात अर्जुनाने मारलेले 'निवातकवच' दानव आठवत असतील, तर त्यांच्या नावात हा चिलखताचा अर्थ आहे.

आता 'शांत'चं. शांत माणूस भर बाजारातही शांत राहू शकतो. निवांतपणाला मात्र आडोसा लागतो. भांडायला उठलेल्याला आपण 'शांत हो' म्हणतो, 'निवांत हो' म्हणत नाही. उलट लग्नघरातली शेवटची पंगत उठली की घरची बाई म्हणते, 'आता बसते जरा निवांत.' ती काही चिडलेली नसते, फक्त तिच्याभोवतीचं वारं पडलेलं असतं. 'निवांत या' म्हणजे घड्याळ न बघता या. हल्ली पोरं रागावलेल्या मित्रालाही 'निवांत घे रे' म्हणतात, तिथे निवांतने शांतची जागा बळकावली आहे. मला ते खटकत नाही.

एक घोळ मात्र नेहमी होतो. निवांत म्हणजे 'निवलेला' असं बरेच जण समजतात. चहा निवतो, लेकराला बघून डोळे निवतात, त्या निवण्याचं नातं निर्वाणाशी, म्हणजे विझण्याशी आहे. गढूळ पाणी निवळतं, तो शब्द आणखी तिसराच, निर्मळच्या घरातला.

गंमत अशी की निर्वाणातही 'वा' (वारा सुटणे) हाच धातू आहे, जो 'वात'मध्ये आहे. पाणिनीने त्यासाठी वेगळं सूत्रच केलं: 'निर्वाणोऽवाते'. दिवा विझला तर तो 'निर्वाण', पण खुद्द वाराच थांबला तर म्हणायचं 'निर्वात'. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात 'निर्वात पोकळी' भेटते ना, तिथेही शब्दाचं रूप हेच.