केस घ्यावी का बॅग, पहिल्या कॅमेऱ्यासाठी

भाऊ, पहिला कॅमेरा घेतलास, अभिनंदन! आता केसचं सांगतो. मापाची लेदर केस दिसायला भारीच, पण ती एका बॉडीच्या अन् एका लेन्सच्या मापाची असते, उद्या जायकवाडीला पक्षी टिपायला 70-300 ची लांब झूम लेन्स लावलीस की ती केस घरीच राहणार. शिवाय बऱ्याच केस खालून ट्रायपॉडच्या स्क्रूनं बसतात, म्हणजे बॅटरी नायतर कार्ड बदलायचं म्हटलं की अख्खी केस काढा, म्हणून घ्यायचीच असंल तर खालून झाकण उघडणारी बघ. छोटा कॅमेरा, एकच लेन्स, गळ्यात अडकवून गुलमंडीत फिरायचं, एवढंच असंल तर केस बरी.

बाकी सगळ्यांना मी छोटी खांद्यावरची बॅगच सांगतो.

- दुकानात कॅमेरा लेन्स लावूनच घेऊन जा, आत ठेव, चेन लाव अन् हलवून बघ. आत गदगदला तर ती बॅग नको.
- नवीन माणूस हमखास मोठी बॅग घेतो अन् मग ती भरत बसतो. वेरूळला 34 लेणी आहेत, चढउतार करताना खांदा भरून येतो.
- तळाला जाड फोम पाहिजेच, एसटीत बॅग पायाशी ठेवावी लागते.

आणि एक, पावसाळ्यात कॅमेरा आठवडेच्या आठवडे बंद बॅगेत ठेवू नको, लेन्सला बुरशी धरते. लेदर तर ओल लई धरून ठेवतं. सिलिका जेलच्या पुड्या टाक अन् मधूनमधून कॅमेरा बाहेर काढून वापरत जा.

महागड्या बॅकपॅकचं सध्या डोक्यातच घेऊ नको, दुसरी लेन्स आल्यावर बघू.