एकवेळ जेवून वजन उतरेल का?

प्रश्न : मी ४८ वर्षांची गृहिणी. उंची १५४ सेंमी, वजन ७० किलो होतं. तीन वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळी आठला ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या गोळ्या घेते. महिन्यापूर्वी नाश्ता आणि रात्रीचं जेवण सोडलं, फक्त दुपारी एक वाजता जेवते. पहिल्या दहा दिवसांत तीन किलो उतरले, मग काटा ६७ वर अडला. हल्ली अकराच्या सुमारास हात थरथरतात, घाम फुटतो, चक्कर येते. अशक्तपणा असेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, वजनाचं नंतर पाहू. आधी ही चक्कर. हा नुसता अशक्तपणा नाही, रक्तातली साखर उतरल्याची ही लक्षणं दिसतात. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, हे गोळीला कळत नाही. आठला गोळी आणि एकला जेवण, म्हणजे मधले पाच तास साखर खालीच जाणार.

पुन्हा असं झालं तर लगेच बसा आणि ग्लुकोमीटर असेल तर साखर तपासा. ७० च्या खाली असेल, किंवा तपासायची सोय नसेल, तर तीन चमचे साखर अर्ध्या ग्लास पाण्यात विरघळवून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बरं वाटलं तरी पोळी किंवा भात खाच, कारण गोळीचा असर बरेच तास टिकतो आणि साखर परत उतरू शकते. घरच्यांनाही सांगून ठेवा : शुद्ध हरपली तर तोंडात पाणी-साखर काहीही घालायचं नाही, ती श्वासनलिकेत जाते. थेट दवाखाना गाठायचा.

उद्यापासून नाश्ता सुरू करा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. आहार कमी करायचा तर गोळीचा डोसही त्यांनी बदलायला हवा. तो आपल्या मनाने बदलू नका. चतुर्थी-एकादशीच्या उपवासालाही हेच लागू.

आता ते तीन किलो. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. दहा दिवसांत तीन किलो चरबी जाळायची तर रोज २,३०० कॅलरींची तूट लागेल. तुमचं शरीर दिवसभरात तेवढं खर्चही करत नाही. मग गेलं काय? यकृत आणि स्नायूंमध्ये साठवलेली साखर संपली. ती आपल्यासोबत तिप्पट पाणी धरून ठेवते, तेही गेलं. त्यानंतरही उपाशी राहिलं की चरबीबरोबर स्नायू झिजतात, आणि जेवणानंतर रक्तातली साखर शोषून घेण्याचं मोठं काम स्नायूच करतात. झटपट वजन उतरवणाऱ्यांना पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, २८ च्या वर आहे. भारतीयांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. पण लगेच २३ वर यायचा हट्ट नको. सहा महिन्यांत पाच-सहा किलो उतरले तरी साखर आणि रक्तदाब दोन्हींत फरक दिसतो. आठवड्याला पाव ते अर्धा किलो, हा वेग पुरे.

सुरुवात तेलापासून करा. पंधरा मिलिलिटर तेलात सुमारे १२० कॅलरी, म्हणजे जवळपास एक पोळी. माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल वेगळ्या बरणीत काढा आणि फोडणी पळीने न घालता चमच्याने मोजून घाला. ताटात अर्धी जागा भाजी-कोशिंबिरीला, पाव जागा उसळ, घट्ट वरण, अंडं किंवा मासळीला, उरलेल्या पाव जागेत भाकरी किंवा भात. नाश्त्याला नुसते पोहे नकोत, सोबत मोडाची मटकी किंवा दोन अंडी हवीत. साबुदाण्याची खिचडी हलकी समजली जाते, पण ती जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर दाण्याचं कूट आणि तूप.

साखर स्थिर झाली की जेवणानंतर चाला, आठवड्याला एकूण १५० मिनिटं. शिवाय आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. स्नायू राखायला नुसतं चालणं पुरत नाही.

प्रश्न : यांची उंची १६८ सेंमी, वजन ६४ किलो. हातपाय बारीक, पोट मात्र सुटलंय. ‘माझं वजन बरोबर आहे’ म्हणतात. (त्याच वाचक)

उत्तर : काट्यावर बरोबर दिसतंय, बीएमआय २२.७ येतो. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचं २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेलं उदाहरण त्यांना दाखवा. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१. पोटातली, यकृताभोवतीची चरबी बीएमआयमध्ये दिसत नाही.

शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, उघड्या पोटावर, सहज श्वास सोडल्यावर मोजा. पॅंटचा नंबर धरू नका, पोट सुटलं की पट्टा खाली सरकतो. पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंमीच्या पुढे गेलं की उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), रक्तातल्या चरबीचं प्रमाण आणि रक्तदाब तपासून घ्यावा. त्यांनी जेवण तोडायचं नाही, घेर उतरवायचा आणि दंड-मांड्या भरायच्या.